पांढरी चार

लानेथ्लीच्या पबात, डार्टबोर्डाखाली,
ग्विलिम प्रोबर्टनं अठरा वर्षं
एकाच कीबोर्डवर लोकांना हसवलं.
त्यातली पांढरी चार दाबली की वर येत नसे.
चिकटलेला सूर, ग्विलिमचा ओशाळा चेहरा:
हुकमी हशा.

मग टीव्हीवर काम मिळालं. प्रेताचं.
तीन भाग, वाक्य एकही नाही.
आई म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा गप्प पडलास.
शोभलं हो."

बाप गेला तेव्हा चॅपलमध्ये
ऑर्गन त्यानंच वाजवला,
सरळ, कुठं न चुकता.
तरी मागच्या बाकावर कुणी फिसकन हसलं,
सवयीनं.
मग आणखी एक.
मग आईसुद्धा, रुमाल तोंडात कोंबून.

ग्विलिम हलला नाही.
श्वास रोखायला शिकलाच होता.
बोट पांढरी चारवर,
आणि सूर
काही केल्या उठेना.