मान

केंडलला दर गुरुवारी, लोकरीच्या जुन्या गोदामात
लाकूडकामाचा वर्ग भरतो. आम्ही सातजण.
ऑल्बन थ्वेटनं बाकावर एक बाहुली ठेवली,
कार्लाइलच्या लिलावात चार पौंडांना मिळालेली.
जपानी. पाच बोटं उंच.
हात नाहीत, पाय नाहीत.
एक दंडगोल, त्यावर एक चेंडू.
"सोपी आहे," तो म्हणाला,
"म्हणून तीन आठवडे लागतील."

मला वाटलं, ही तर ठकी.
पण आमची ठकी अख्ख्या ठोकळ्यातली,
तिला मान होती ती नावाला,
कायमची समोर.

रेघा मारताना कुंचला हलवायचा नाही. नुसता धरायचा.
रेघ बाहुलीच ओढून घेते, लेथवर फिरता फिरता.
तांबडी, हिरवी, परत तांबडी.
ग्लेनिसला राहवलं नाही.
पापण्या काढल्या, मग लाली, मग कानात डूल,
बाहुली कुणाच्या तरी लग्नाला निघाली.
मी दोन डोळे काढले, एक नाक,
तोंड म्हणून एक ठिपका,
आणि कुंचला आपसूक कपाळाकडे निघाला.
थ्वेट काही बोलला नाही.
त्यानं तांबड्याच्या बाटलीचं झाकण लावलं.

डोकं शेवटी.
भोक मुद्दाम अपुरं ठेवतात.
धड गरगरतंय, त्यावर डोकं दाबून धरायचं.
लाकूड तापतं, धुराचा एक धागा, करपल्याचा वास,
आणि टक्.
खिळा नाही, सरस नाही.
आता निघणार नाही. फिरेल मात्र.

परतीच्या बसमध्ये फिरवून पाहिली.
कुंई.
पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं वळून कुत्रं शोधलं.
डावीकडे वळते, उजवीकडे वळते.
खाली-वर करून पाहिली, विंडरमियर येईपर्यंत.
होत नाही.
म्हणजे हिला "नाही" म्हणता येतं,
"हो" म्हणायची सोयच ठेवलेली नाही.
मला घडवणाऱ्यांनी नेमकं उलटं केलं होतं.

शुक्रवारी औषधांच्या काउंटरवर डेरेक आला.
"रविवार तूच करशील ना? नेहमीसारखा?"
माझी मान तुकायला निघालीच होती.
बाहुली ॲप्रनच्या खिशात होती.
अंगठा आणि एक बोट, एवढंच लागलं.

"कसला आवाज आला?" डेरेक म्हणाला.