धुराचा रकाना

उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीत फॉर्म आलाय,
सत्तेचाळीस रकान्यांचा, परदेशी गिऱ्हाइकाकडून.
किलोमागं धूर किती, विचारतोय.
मगदूम मालक म्हणाले,
"भर काहीतरी. बी.कॉम. हाईस न्हवं?"

भट्टीपाशी गेले.
दस्तगीरचाचा लाडल तिरकी करत होते,
लोखंड साच्यात उतरत होतं, काकवीगत.
"चाचा, धूर किती निघतो?"
"वाऱ्यावर हाय, बाई.
पंचगंगेकडनं आला तर कमी."

जिथं हा कायदा ठरला
त्या गावाचं नाव मला धड उच्चारता येत नाही.
त्याच्या प्रचाराची रिक्षा
आमच्या गल्लीत कधी फिरली नाही.
तरी आला, मेलला चिकटून,
आणि महापालिकेच्या ना-हरकतीच्या
डोक्यावर बसला.

जुनी फाईल काढली.
जागेच्या कागदावर करवीर सरकारचा शिक्का,
खालच्यावर मुंबई, त्याखाली महाराष्ट्र.
कुठंतरी कुणीतरी सह्या केल्या;
जागा होती तिथंच,
फक्त अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते बदललं.

खरं सांगू?
चाचा एकतीस वर्षं खोकतायत.
इन्स्पेक्टर आले, चहा पिऊन गेले.
धुराचं विचारलं ते या परक्या कागदानंच,
तेही आभाळात गेलेल्या.
छातीत राहिलेल्याला रकाना नाही.

सात वाजता भोंगा झाला.
आकडा टाकला, शेजारच्या कारखान्यानं टाकलेला,
थोडा कमी करून.
शेवटी 'शेरा' म्हणून बोटभर जागा होती.
तिथं लिहिलं,
वारा पंचगंगेकडून.