पेन्सिलची चौकट

कॅमेरा एकोणसत्तरचा, गुनिलाच्या वडिलांचा.
पाठ मात्र नंतर बसवलेली, डिजिटल,
तीही आता म्हातारी:
वीस मिनिटांत बॅटरी मान टाकते,
आणि दर फोटोत, त्याच जागी,
एक लाल ठिपका.
गोथेनबर्गच्या गोदीत ती तो
क्रेनच्या टोकावर नेऊन बसवते.
दिवाच वाटतो.

सेन्सर दुधी काचेहून लहान.
म्हणून काचेवर तिनं पेन्सिलनं चौकट आखलीय:
आतलं येणार,
बाहेरचं नुसतं दिसणार.

हेनिंग रेषेच्या बाहेर उभा.
ठाऊक आहे त्याला.
तरी टोपी सरळ करतो.

ती मान खाली घालून बघते,
डावं उजवीकडे, उजवं डावीकडे,
आणि खटाक् व्हायच्या आधी
जरा थांबते,
बॅटरी संपत असताना.