अंतिम वापर : दूध

रकान्यात लिहिलंय, 'अंतिम वापर : दूध'.
शेंद्र्याच्या शेडमध्ये दुपारचे साडेतीन,
कूलंटचा वास, माझ्या टेबलावर
चोवीस व्हॉल्व्हचा कागद.
सहीच्या जागी कुणी पेन्सिलीनं फुली केलीय.

मी दौलताबादची. आमच्या घरी तीन म्हशी होत्या.
दूध कशानं नासतं मला ठाऊक आहे,
पितळेनं, उन्हानं, काकूच्या नजरेनं.
पण दुधाला एवढं निकेल लागत नाही.
ॲसिडनं चावू नये, कणभर वायू सुटू नये
म्हणून आत घडीघडीची नळी,
आणि बसकं मुनीरभाईंनी
केसाच्या विसाव्या भागापर्यंत मापात आणलेलं.
कुठला गवळी मागतो हे?

गिऱ्हाईक भला माणूस. भाव केला नाही.
शहागंजात मेथीच्या जुडीला मी दोन रुपये तोडते,
यानं पंचेचाळीस लाख आगाऊ धाडले.
बसवून द्यायला माणूस नको, गॅरंटी नको,
खोक्यावर आपलं नावसुद्धा नको.
पत्ता शोधला तर तिथे गालिच्यांचं दुकान,
शटर पाडलेलं.
आणि पत्रात 'डेअरी' हा शब्द त्याच चुकीनं लिहिलेला,
जी चूक मागच्या दिवाळीत
दुसऱ्याच नावाच्या पत्रात होती.

'कामून अडवता, मॅडम?' दरख साहेब म्हणतात.
ओरडत नाहीत, तो स्वभाव नाही त्यांचा.
'आपण व्हॉल्व्ह विकतो. तिकडं त्यातून काय वाहतं
ते बघायला आपण जाणार हाव का?'
बाहेर ड्रायव्हर टायरला लाथ मारून हवा बघतोय.
परवा सात तारीख. अठ्ठावन्न पगार.

आमच्या शाळेला सहलीला दुसरं ठिकाण नव्हतंच,
दरवर्षी किल्ला.
खंदक, दारामागे दार, मग अंधारी;
गाईड टेंभा विझवायचा आणि पोरं किंचाळायची.
एवढं असून किल्ला पडला कशानं?
सर सांगत, पोत्यांनी.
धान्य म्हणून वर चढवली, उघडली तर मीठ.
खरंखोटं इतिहासवाल्यांना ठाऊक.
मला तेव्हापासून न उघडलेल्या पोत्याची नाही,
त्यावरच्या अक्षराची भीती वाटते.

सरकारी यादी काढली. बारीक टाइप, चहाचे डाग.
निकेल किती टक्के, व्यास किती, सील कसलं.
बोट ठेवत गेले,
घरच्या आजारी माणसाचा रिपोर्ट वाचावा तसं.
बसलं. नेमकं बसलं.
परवान्याशिवाय हे देशाबाहेर जात नाही.

फुली खोडली. रबरानं कागद थोडा फाटला.
दरख साहेब बराच वेळ नुसते व्हॉल्व्हकडे बघत राहिले,
मग स्वतःच खाली गेले,
गाडीवाल्याला रिकामं परत जायचे पैसे दिले.
मुनीरभाईंनी खोकं रॅकवर चढवलं.
'माल अच्छा बनाया ना ताई, इसीलिए.'

मला वाटलं, संपलं.
तेवढ्यात डिझाइनचा वैजनाथ आला,
नवा पोरगा, मिशी ठेवायची की नाही अजून न ठरलेली.
'मॅडम, खोकं राहिलं ते बरं झालं. पण
ड्रॉइंग तर मी सोमवारीच पाठवलंय.
त्यांनी मागितलं होतं. कागदच तर आहे.'

कागदच.
त्याला गाडी लागत नाही, गेटपास लागत नाही,
काट्यावर ठेवला तर वजन शून्य.
आता कुठल्या टेबलावर उघडला असेल,
कोण मुनीरभाईंचं माप
स्वतःच्या हाताला शिकवत असेल.

भोंगा झाला. पहिली पाळी सुटली.
वैजनाथ उभाच. त्याला खुर्ची दिली
आणि दिल्लीच्या कचेरीला पत्र लिहायला घेतलं,
'महोदय, आमच्याकडून'
इथे तो म्हणाला, माझं नाव लिहा.
मी 'आमच्याकडून'च ठेवलं.