अडीच वाजताचा आकडा

झोपे आडनावाच्या माणसाचा लॅपटॉप
झोपेतून उठत नाही,
हा विनोद त्यांनी पायरीवरूनच करून टाकला,
म्हणजे मला करायला नको.
मग पंचात गुंडाळलेलं यंत्र काउंटरवर ठेवलं.

मे महिना. जामनेर रोडच्या डांबराला चपला चिकटत होत्या.
कूलर नुसता ओला वारा ढकलत होता.
बटण दाबलं. पंखा फिरला, तीन मोजेपर्यंत,
आणि थांबला.
पडद्यावर मी, आणि माझ्यामागची ट्यूबलाइट.

बॅटरी काढून बटण तीस सेकंद दाबून धरलं,
उरलासुरला करंट निघून जावा म्हणून.
काही नाही.
रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले,
शाळेत गणित चुकल्यावर घासायचे तसे, जीभ दातांत धरून.
पुन्हा बसवली. कट् आवाज आला, बरा आवाज.
काही नाही.
दुसऱ्या मॉनिटरवरही अंधारच.
साबीर म्हणाला, बोर्ड गेला, ताई.
मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.
गिऱ्हाइकासमोर 'गेला' म्हणायचं नाही,
एवढा एकच नियम आहे आमच्या दुकानाचा.

"यंत्राचं राहू द्या," झोपे म्हणाले,
"आतलं तेवढं काढून द्या."
फोटो? "ते पोरीकडे आहेत."
बँकेचं काही? "पासबुक आहे की."
मग?
ते जरा लाजले.

रेल्वेत सिग्नलला होते. रिटायर झाल्या दिवसापासून
ओसरीतल्या थर्मामीटरवरचा आकडा,
रोज दुपारी अडीचला.
आधी वहीत; वह्यांना वाळवी लागली, मग यात.
चौदा वर्षं.
"कशासाठी?"
"भुसावळ तापतं, भुसावळ तापतं म्हणतात सगळे.
किती, ते कोणी लिहायला नको का, बाई?"

आणि लॅपटॉप बंद पडला त्याच ओसरीत,
शेचाळीस अंशाला, थर्मामीटरच्या खाली.
हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

डिस्क बाहेर काढून आमच्या मशीनला जोडली.
टक्. टक्. टक्.
अशा डिस्कवर काही लिहायचं नसतं,
फक्त उतरवून घ्यायचं, हळूहळू, सगळंच्या सगळं.
शोधाशोध नंतर, नकलेवर.
रात्री दुकानातच थांबले. कळण्याची भाकरी, ठेचा.
एकदा लाइट गेली, इन्व्हर्टरने सांभाळलं.
यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत होते
आणि इकडे एकेक टक्का.

पहाटे अठ्ठ्याण्णववर येऊन थांबलं.
फायली आल्या, नावं आली नाहीत, नुसते नंबर.
उघडत गेले : गॅसची पावती, कुणाची लग्नपत्रिका,
पेन्शनचा अर्ज, पुन्हा तोच अर्ज,
आणि दोनशे सतरावी :
त्रेचाळीस. साडेत्रेचाळीस. पंचेचाळीस. चव्वेचाळीस.

खाली जाता जाता एका मेमध्ये अकरा घरं कोरी.
ते राहिलेले दोन टक्के, वाटलं, इथेच मेले.
पुन्हा डिस्कवर गेले. तिला गार केलं, तीनदा विनवलं.
टक्. टक्.
नाहीच.

दुपारी ते आल्यावर आधी तेच सांगितलं.
अकरा दिवस गेले, काका. तेवढे पैसे कमी द्या.
(नियम मीच मोडला. साबीरने वर पाहिलं.)

त्यांनी चष्मा लावला. पडद्यावर बोट फिरवत
एकेक कोरं घर मोजलं.
"हे गेलेलं नाही," म्हणाले. "हे कोरंच होतं.
हिला तेव्हा जळगावला ॲडमिट केलेलं. खोलीत एसी होता.
बाहेर किती होतं, कळलंच नाही."
आणि थोड्या वेळाने,
"अकरा. बरोबर आहेत."

पेनड्राइव्ह शर्टच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं,
पूर्ण पैसे मोजून ठेवले.
चहा आला होता. घड्याळात दोन वाजून दहा.
नको म्हणाले, उशीर होईल.

साबीरने मोबाइलवर पाहिलं : पंचेचाळीस.
पण ते आख्ख्या भुसावळचं.
झोपेंच्या ओसरीतलं किती होतं
ते उद्या फोन करून विचारायला हवं.