चारचे नऊ

मिरजेत आमच्या एक्स-रे सेंटरच्या बाकांसमोर
तीन फुटी टाकी आहे.
डॉक्टर म्हणाले होते, मासे बघत पेशंट निवांत बसतात.
पेशंट बसतात.
माशांचंच जमत नाही एकमेकांशी.

चार टायगर बार्ब, पट्टेरी, रुपयाएवढे.
थोरला नाकाने लाल. तो बारक्याला
हीटरच्या मागे दाबून धरतो,
उरलेले दोघे आधी बघतात,
मग येऊन एकेक चावा घेऊन जातात.
एंजलच्या पोटाखालचे लांब धागे तर कधीच कुरतडले.

थोरल्याला मी चहाच्या गाळणीत धरून
लोणच्याच्या बरणीत ठेवला, तीन दिवस, एकटा.
परत सोडला तोवर
दुसऱ्याने गादी घेतलेली.
बारका हीटरमागेच.

अक्काताई चौगुले, बेडग, वय एकेचाळीस,
डावं मनगट. 'गोठ्यात घसरले,' म्हणाल्या.
फिल्मवर आजची चीर होती
आणि तिच्या वर दोन बोटांवर
एक जुनी, आपली आपण जुळलेली.
मी रिपोर्ट लिहीत नाही. मी फक्त फोटो काढतो.

फिल्म हातात मिळेपर्यंत त्या टाकीसमोर बसल्या.
'चारच हायती व्हय? लई कमी झालं.
आमच्यात सतरा माणसं हुती तवा
कुणाचा राग कुणावर निघाला, पत्ता लागायचा न्हाई.
वायलं निघालो आन्…'
पुढे त्यांनी पदर सारखा केला, एका हाताने.

हारुण नदाफ दुकानात तेच म्हणाला, त्याच्या हिशेबाने:
आठाच्या खाली बार्ब ठेवायचाच नाही, साहेब,
त्याला एकच गिऱ्हाईक सापडतं.
पाच दिले पिशवीत. वर सांगितलं,
सोडायच्या आधी दगड हलवा सगळे,
कुणालाच आपला कोपरा ओळखू येऊ नये.
एंजल त्याने परत घेतला, निम्म्या किमतीत.

पाठलाग थांबला नाही.
वाटला गेला.
हा त्याच्या मागे, तो भलत्याच्याच,
अर्ध्या वाटेत विसरतात कुणाला धरायचं होतं.
हीटरमागे आता नुसतं शेवाळ.

सहा आठवड्यांनी त्या आल्या, प्लास्टर काढून. एकट्याच.
'बारका कुटं हाय ओ?'
नऊ पट्टेरी अंगांत मीही शोधला. सापडला नाही.
'ब्येस,' म्हणाल्या,
आणि आत येऊन टेबलावर हात ठेवला.
मनगटाला श्वास रोखावा लागत नाही, मी सांगितलं.

तरी त्यांनी रोखला.