आडनाव, स्वल्पविराम, नाव

फळ्यावर लिहिलं : आधी आडनाव, मग स्वल्पविराम,
मग नाव, साल, पान क्रमांक.
अकरावी ब. लाखांदूर रोडवरचं कॉलेज.
रोवणी सुरू, म्हणून अर्धे बाक रिकामे.

इंग्रजी निबंधाचा विषय, आमच्या गावचा तलाव.
चौदा वह्यांमधून एकच तलाव निघाला.
त्यात हंस पोहत होते,
काठावर पाइनची झाडं,
आणि योगराजच्या काकांची पांढरी बोट.
ते काका मला माहीत आहेत,
बोअरवेलच्या गाडीवर असतात.
चौदाही वह्यांत लाल शाईनं लिहिलं : कुठून?
कोणीच सांगितलं नाही कुठून.

प्रणोती वलथरेच्या वहीत स्पेलिंगचा नुसता चिखल.
पण त्या चिखलात मरळ होती, दाडक होती, बोटरी होती,
देवधान कधी कापायचं नाही ते होतं,
तुडूम केव्हा उघडायचं ते,
आणि खाली, समासाला चिकटून :
सोर्स, आत्या.

म्हटलं, असं चालत नाही. आडनाव? साल?
तर म्हणे, तिलेच विचारा ना सर,
शनिवारी पाळीवर जाळं विणते.

गेलो.
फुलवंता मारबतेंनी हातातली गाठ सोडली नाही.
एकेक वाक्य मराठीत करून वाचलं.

“मरळ पिलं राखते, ते मायं नाही.
ते सारजीनं सांगतलं मले. तिचं नाव लिवा.”
देवधानाचं?
“ते सारजीचंबी नाही. तिच्या सासऱ्याचं.
तिनं त्याच्यापासून आयकलं, मी तिच्यापासून.”
आणि तुडमाचं?
“ते मायं,” जाळं मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या,
“फुटलं तवा मी तिथंच उभी होती,
गुडघाभर.”
कोणतं साल?
“पोरीचा बाप चवथीत होता.”

रविवारभर नियमांची पुस्तिका चाळली.
चवथीतल्या बापासाठी
तिच्यात एकही खूण नाही.

शेवटी प्रणोतीच्या वहीत मीच लिहिलं :
मारबते, फुलवंता. सारजा (आडनाव विचारायचं राहिलं)
यांच्याकडून, त्यांच्या सासऱ्यांचं.
पान : पाळ, तुडमापासून तिसरं झाड.

दहापैकी सात.
दोन स्पेलिंगचे गेले.
तिसरा कशाचा, तिनं विचारलं.
सवयीचा, म्हणालो.

वही छातीशी धरून ती दारातच थांबली.
“कुठून लागली, सर?”